कात्रणांतून जाकीट: पहिल्यांदाच शिवणाऱ्यांसाठी

आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांचा गठ्ठा होता. हळदीकुंकू, डोहाळजेवण, मुंज, गौरीची सवाष्ण, जिथे जावं तिथून एक ब्लाउजपीस घरी यायचा. त्यातले काही पुढे दुसऱ्या कुणाच्या ओटीत जायचे, बाकीचे तिथेच राहायचे. त्याच्या शेजारी शिवणकामातून उरलेल्या तुकड्यांच्या दोन फुगलेल्या पिशव्या होत्या. टाकवत नव्हत्या आणि कशाला उपयोगीही पडत नव्हत्या.

या तुकड्यांतून मी पहिल्यांदा कुर्ता शिवला, तेव्हा हाताला येईल तो तुकडा घेतला. कुर्त्याचा पुढा एका तुकड्यात बसेना म्हणून खाली जोड दिला, बाहीला जोड दिला, गळ्याशी जोड दिला. दिसायला तो छान होता. पहिल्या धुण्यात सुती तुकडे आटले आणि टेरिकॉटचे होते तसेच राहिले, त्यामुळे सगळ्या शिवणींना चुण्या पडल्या. काखेतली शिवण तर धागे सुटून उघडलीच. महिनाभराचं काम पुसायच्या फडक्यांत गेलं.

त्यानंतर पद्धत बदलली. आता मी तुकड्यांतून थेट कपडा शिवत नाही. आधी तुकडे जोडून कापड तयार करते आणि मग ताग्यातून आणलेल्या कापडावर बेततात तसं त्या कापडावर बेतते. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

पहिला कपडा म्हणून बिनबाह्यांचं, अस्तर लावलेलं, पुढून उघडं जाकीट घ्या. त्यात बाही बसवायची नसते, चेन नसते, काजं नसतात. अस्तरामुळे आतल्या बहुतेक शिवणी झाकल्या जातात आणि माप थोडं इकडेतिकडे झालं तरी निभतं. खाली दिलेली मापं ३६ इंच छाती आणि २२ इंच लांबीची आहेत.

## आधी हे जमवा

- सुती कात्रणं किंवा ब्लाउजपीस. साडेचार इंचाचे ८० चौकोन निघतील इतकी
- अस्तरासाठी दीड मीटर मऊ सुती कापड. जुनी सुती साडी, धोतर किंवा विरलेली चादर उत्तम
- गोटासाठी (कडेच्या पट्टीसाठी) २० इंच लांब-रुंद असा एकाच कापडाचा अखंड तुकडा
- शिवणयंत्र, १४ आणि १६ नंबरच्या नव्या सुया, दोन-तीन भरलेल्या बॉबिन
- चांगल्या प्रतीचा नवा दोरा. रंग राखाडी किंवा बदामी घ्या, तो बहुतेक रंगांवर मिसळून जातो
- धावदोऱ्यासाठी भरतकामाचा लडीचा दोरा आणि हातसुई
- कापडाची कात्री आणि कागदासाठी वेगळी कात्री
- टेप, पट्टी, टेलर चॉक, टाचण्या, शिवण उसवायचं हत्यार
- इस्त्री आणि पाणी शिंपडायची बाटली
- वर्तमानपत्राचे मोठे कागद, एक जाड पुठ्ठा

यातलं काही नसलं तरी पर्याय सापडतो, पण इस्त्रीला पर्याय नाही. या कामात जेवढा वेळ यंत्रावर जातो जवळपास तेवढाच इस्त्रीवर जातो.

## १. कात्रणं कुठून आणायची

घरातली पुरणार नाहीत. जवळच्या शिवणकाम करणाऱ्यांकडे जा आणि सरळ विचारा: "मास्तर, कात्रण ठेवाल का माझ्यासाठी? मी शनिवारी येऊन पिशवी घेऊन जाईन." स्वतःची कापडी पिशवी देऊन या आणि ठरल्या दिवशी नक्की जा. एकदा चुकलात तर पुढच्या वेळी ती पिशवी कचऱ्यात गेलेली असते. काहीजण पैसे घेत नाहीत, काहींचं कात्रण आधीच ठरलेल्या माणसाकडे जात असतं. त्यांच्याशी घासाघीस करू नका, त्यांचाही त्यावर हिशेब बसलेला असतो.

कोणत्या दुकानातून काय मिळतं हे माहीत असलं की चकरा वाचतात. बायकांचे कपडे शिवणाऱ्यांकडे रुबियाचे अस्तराचे तुकडे आणि साड्यांच्या ब्लाउजांची कात्रणं मिळतात. रुबिया पातळ असते, पण सुती रुबिया कामाची आहे. शर्ट शिवणाऱ्यांकडे पॉपलीन आणि चौकड्या मिळतात, आणि आपल्या जाकिटाला त्याहून चांगलं काही नाही. पँटचे तुकडे घेऊ नका, ते जाड असतात आणि त्यात बहुधा टेरिकॉट असतं. शाळा सुरू व्हायच्या आधी, मे-जूनमध्ये, गणवेश शिवणाऱ्यांकडे एकाच रंगाची पुष्कळ कात्रणं साठतात. जाकिटाला एक शांत, सपाट रंग लागतोच, तो तिथे मिळतो.

पडद्यांच्या दुकानांत कापडाच्या नमुन्यांची पुस्तकं असतात. नवा माल आला की जुनी पुस्तकं निघतात. ते तुकडे एकसारख्या मापाचे असल्यामुळे मोह होतो, पण बरेचसे पॉलिएस्टरचे आणि जाड असतात. पिशव्यांसाठी घ्या, अंगावरच्या कपड्यासाठी नको.

विकतच घ्यायचं झालं तर पुण्यात रविवार पेठेतलं कापडगंज, मुंबईत मंगलदास मार्केट किंवा दादरचं हिंदमाता आहे. ताग्याच्या शेवटी उरलेला 'कटपीस' मागा. बटणं, लेस, दोरे यांसाठी पुण्यात तुळशीबाग आणि मुंबईत भुलेश्वर.

## २. वर्गवारी: रंगाआधी वजन

पिशवी उपडी केली की हात आपोआप रंगांकडे जातो. थांबा. आधी वजनानुसार तीन ढीग करा.

पातळ: मलमल, वायल, रुबिया. तळहात मागे धरला तर बोटं दिसतात.
मध्यम: केंब्रिक, पॉपलीन, हातमागाचं सुती, पातळ खादी, सुती इरकलीचे तुकडे.
जाड: डेनिम, ड्रिल, पँटचं कापड, सोफ्याचं कापड.

जाकीट मध्यम ढिगातून होणार. पातळ ढिगातला एखादा तुकडा फारच आवडला तर त्यामागे मलमलचा तेवढाच तुकडा ठेवून दोन्ही मिळून एक समजा. जाड ढीग पूर्ण बाजूला. जाड तुकड्याशेजारी पातळ तुकडा शिवला की सगळा ताण शिवणीपाशी पातळ कापडावर येतो आणि ते तिथेच फाटतं. माझा पहिला कुर्ता काखेत उसवला तो यामुळेच.

आता धाग्याची परीक्षा. प्रत्येक तुकड्याचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा आणि वाटीत पाणी ठेवून त्यावर जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळल्यासारखाच वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम केस जळल्यासारखं वासतं. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. वितळला आणि राखही झाली, म्हणजे मिश्र कापड. पहिल्या जाकिटाला फक्त मऊ राखेचे तुकडे घ्या. दारं-खिडक्या उघड्या ठेवून हे करा आणि लहान मुलांना जवळ घेऊ नका.

ताणलं की लांबणारं कापड, म्हणजे होजिअरी, टी-शर्ट, लायक्रा असलेलं काहीही, सध्या नको.

खणाबद्दल वेगळं सांगते, कारण आपल्याकडे प्रत्येकीच्या कपाटात तो असतोच. गुळेदगुड्डचा खण म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या हातमागाचं काम. त्याला भौगोलिक मानांकनही आहे. तो कापताना जीव खाली-वर होतो, होऊ द्या. खणाच्या कापलेल्या कडेचे धागे फार सुटतात, म्हणून कापायच्या आधी मागून हलकं फ्यूजिंग (इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारं पातळ कापड) इस्त्रीने चिकटवा. काठ मात्र वाया घालवू नका. काठाची पट्टी खिशाच्या तोंडाला अशी शोभते की बाकी काही लावावं लागत नाही. बाजारात खणासारखं दिसणारं पॉलिएस्टरही भरपूर आहे, तेव्हा खणालाही जाळून पाहायची परीक्षा लागू आहेच.

## ३. धुणं, आणि रंगाची खात्री

सगळे तुकडे शिवायच्या आधी धुवा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आधीच आटलेलं असतं. दोन्ही एकत्र शिवली तर पहिल्या कुर्त्याचीच गत होणार. तुकडे सुटे टाकून धुतले तर त्यांच्या धाग्यांची अशी गुंतवळ होते की सोडवताना निम्मे तुकडे वाकडे होतात. जाळीच्या पिशवीत भरा, हाताने हलकेच धुवा आणि सावलीत सुकवा.

रंग जातो का हे धुण्याआधी पाहा. ओला पांढरा रुमाल तुकड्यावर ठेवून त्यावर गरम इस्त्री दाबा. रुमालाला डाग आला तर तो तुकडा बाजूला. लाल, मरून आणि गडद निळ्या रंगांची ही परीक्षा चुकवू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. मी तीन वेळा करून पाहिलं, तीनही वेळा रंग गेला. बाजारातल्या तयार रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. अशा तुकड्यांची सगळी मिळून एकाच रंगाची पिशवी शिवा.

## ४. चौकोन कापणं

पुठ्ठ्याचा बरोब्बर साडेचार इंचाचा चौकोन कापा. शिवणीत चारी बाजूंनी दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच जाईल आणि चार इंचाचा चौकोन उरेल. (शिवणकामात इंचाचे आठ सूत धरतात. हे अंगवळणी पडलं की टेप वाचणं सोपं होतं.)

तुकड्याला इस्त्री करा, पुठ्ठा ठेवा, चॉकने आखा, कापा. पुठ्ठ्याची कड कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा. उभा धागा ओळखायचा कसा? कापडाची किनार शिल्लक असेल तर तिच्या दिशेने जातो तो उभा. किनार नसेल तर दोन्ही दिशांनी ताणून पाहा, कमी ताणतो तो उभा. तिरपं ताणलं की सगळ्यात जास्त लांबतं, म्हणून जागा वाचवायला तिरपा कापलेला चौकोन शिवताना वाकडा होतो आणि शेजारच्यांनाही ओढतो. तुकडा त्याने वाया जात असेल तर जाऊ द्या.

साडेचार इंच न भरणारे तुकडेही टाकू नका. दोन-तीन लहान तुकडे एकमेकांना जोडा, इस्त्री करा आणि मग त्यावर पुठ्ठा ठेवून चौकोन कापा. असे आठ-दहा चौकोन मिसळले की सगळं कापड जिवंत वाटतं. त्याहून जास्त घेतले तर शिवणींनी कापड जाड होतं.

हिशेब असा: पाठीला ६ × ६ म्हणजे ३६ चौकोन. दोन पुढ्यांना प्रत्येकी ३ × ६, म्हणजे मिळून ३६. दोन खिशांना चार-चार. एकूण ८०.

## ५. मांडणी

पंखा बंद करा आणि चौकोन जमिनीवर मांडा. पाठ मधे, दोन पुढे दोन बाजूंना. मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. कुठे गडद रंगांची गर्दी झाली आहे ते लगेच कळतं. रंगीत फोटोत ते लपतं. एक रात्र तसंच राहू द्या. सकाळी खटकेल ते बदला.

मला अनुभवाने पटलेली गोष्ट: दर तीन चौकोनांत एक सपाट, बिनछापाचा हवा. सगळेच छापील घेतले की कपड्याची गोधडी दिसते. गोधडी सुंदरच असते, पण ऑफिसला घालायची नसते.

मग प्रत्येक आडव्या रांगेची चळत करून तिच्यावर क्रमांकाची चिठ्ठी टाचा. चळत नेहमी डावीकडून उजवीकडे उचला.

## ६. जोडणी: इथे घाई नको

यंत्रात १४ नंबरची सुई घाला. टाका असा लावा की इंचात साधारण बारा बसतील. फालतू तुकड्यावर टीप मारून पाहा. खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी होत असतील तर बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. बॉबिनच्या स्क्रूला हात लावण्याआधी वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. ओवताना यंत्राचा कापड दाबणारा पाय वर उचललेला असू द्या.

यंत्राच्या पट्टीवर सुईपासून दोन सुतांवर चिकटपट्टी लावा आणि चौकोनाची कड तिच्याशी लावून शिवा. ही पट्टी नसेल तर काय होतं पाहा. शिवण एकच सूत जास्त आत गेली तर दोन्ही चौकोनांतून मिळून दोन सूत कमी होतात. सहा चौकोनांच्या रांगेत पाच शिवणी, म्हणजे दहा सूत, म्हणजे सव्वा इंच. एक रांग २४ इंचांची आणि दुसरी पावणेतेवीस, मग ती एकमेकींना जुळणार कशी? नवख्यांच्या कापडाला मधेच फुगवटा येतो त्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं.

सुलट बाजूला सुलट ठेवून पहिले दोन चौकोन शिवा. दोरा न तोडता पुढची जोडी पायाखाली सरकवा, मग त्यापुढची. तोरणासारखी माळ तयार होते. नंतर मधले दोरे कापा. वेळ वाचतो, दोरा वाचतो आणि प्रत्येक जोडीची सुरुवात गुंतत नाही.

प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री. इस्त्री घासू नका, उचला आणि ठेवा. घासली की कापड ताणतं. पहिल्या रांगेतल्या सगळ्या मार्जिनी (शिवणीबाहेर उरलेल्या कडा) डावीकडे दाबा, दुसऱ्या रांगेतल्या उजवीकडे, तिसरीतल्या पुन्हा डावीकडे. दोन रांगा जोडताना त्या मार्जिनी एकमेकींत चपखल अडकतात, चौकोनांचे कोपरे आपोआप जुळतात आणि तिथे चार थरांची गाठ होत नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि दोन जाकिटं मी कोपरे ओढून-ताणून जुळवत बसले होते.

रांगा जोडताना आधी प्रत्येक कोपऱ्यावर टाचणी, मग मधे. सुई टाचणीवर आदळू देऊ नका, जवळ आली की काढा.

शेवटी तीन फलक हातात येतील: पाठ साधारण साडेचोवीस इंच लांब-रुंद, आणि दोन पुढे साडेबारा रुंद व साडेचोवीस लांब. हे तुमचं कापड.

## ७. अस्तर आणि धावदोरा

अस्तर प्रत्येक फलकापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठं कापा. जमिनीवर अस्तर उलट बाजू वर करून ताठ पसरा, त्यावर फलक सुलट बाजू वर करून ठेवा. मधून बाहेर हात फिरवत सुरकुत्या काढा आणि लांब टाक्यांची कच्ची टीप घाला. पुण्या-मुंबईच्या हवेला हे दोन थर पुरतात. नाशिक किंवा महाबळेश्वरकडे राहत असाल तर मधे जुन्या धोतराचा एक थर घाला.

मग लडीच्या दोऱ्याचे तीन पदर घेऊन धावदोरा घाला. उभ्या ओळी, दोन-दोन इंचांवर. गाठ अस्तर आणि फलकाच्या मधे ओढून लपवा. गोधडी किंवा वाकळ घातलेली बाई घरात, शेजारी असेल तर तिच्याजवळ तासभर बसा. सुईवर एकदम चार-पाच टाके कसे घ्यायचे आणि अंगठ्याने कापड कसं पुढे सारायचं हे लिहून सांगता येत नाही, पाहावं लागतं. माझ्या आजेसासूबाईंनी मला एवढंच सांगितलं, "दोरा ओढू नकोस गं, बसव." दोरा ओढला की कापड गोळा होतं.

वेळ नसेल तर यंत्राच्या टिपेनेही चालतं. मला धावदोऱ्याचा मऊपणा जास्त आवडतो.

यंत्रच नसेल तर? उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, घालतात. त्यात आधी तुकडे जोडायचेच नसतात. जुन्या साडीच्या थरावर एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, तुकड्याची कड आत दुमडत, एकावर एक किंचित चढवत, धावदोऱ्याने कडेकडेने आत येत जातात. तुकड्यांना मापाचं बंधन नाही, जोडणी आणि धावदोरा एकाच वेळी होतो. जाकिटाचे तीन फलक असेही करता येतात. वेळ लागतो, पण फक्त सुई-दोरा लागतो.

## ८. कागदी माप

अंगाला नीट बसणारं बिनबाह्यांचं जाकीट किंवा कुर्ता घरात असेल तर तो वर्तमानपत्रावर ठेवून आखा. नसेल तर अर्ध्या भागाची मापं अशी:

- लांबी साडेबावीस इंच (२२ + खांद्याच्या शिवणीचा अर्धा)
- रुंदी साडेदहा इंच. हिशेब: छाती ३६ + सैलपणा ४ = ४०, त्याचा चौथा भाग १०, अधिक कडेच्या शिवणीचा अर्धा
- गळ्याची रुंदी मध्यापासून ३ इंच, खांदा मध्यापासून ७ इंच, खांद्याचा उतार पाऊण इंच
- मुंढ्याची (बाहीच्या जागेच्या वळणाची) खोली ९ इंच
- पाठीचा गळा १ इंच खोल, पुढचा गळा तिरका, ९ इंच खोल

दुसऱ्या मापासाठी रुंदीचा हिशेब तोच. छाती ४० पर्यंत वरचे फलक पुरतात. त्यापुढे प्रत्येक पुढ्याला एक आणि पाठीला दोन उभ्या रांगा वाढवा, आणि खांदा व मुंढा स्वतःच्या कपड्यावरून घ्या.

कागद अंगाला लावून पाहा. शंका असेल तर मांजरपाटावर एकदा कच्चं शिवा. स्वस्त पडतं, आणि महिन्याभराच्या कामावर कात्री चालवण्याआधी मन निवांत होतं.

## ९. कापणं आणि जोडणं

पाठीचा मध्य आणि फलकाची मधली शिवण एकावर एक यायला हवी. कागद ठेवून चॉकने आखा आणि कापायच्या आधी आखलेल्या रेषेच्या एक सूत आतून यंत्राची टीप मारा. मग रेषेवर कापा. ही टीप नसेल तर कात्री लागताच धावदोऱ्याची टोकं सुटायला लागतात. पुढ्याचे दोन भाग एकमेकांचे आरसे असायला हवेत. एकाच बाजूचे दोन पुढे कापले गेले की इलाज नाही. पहिला कापला की तो दुसऱ्यावर सुलट बाजूला सुलट ठेवूनच दुसरा आखा.

खिसे आताच लावा. चार चौकोनांचा खिसा तीन बाजूंनी अर्धा इंच आणि वरून एक इंच दुमडा, मागून अस्तर लावा आणि पुढ्यावर तीन बाजूंनी दुहेरी टीप मारा. तोंडाच्या दोन्ही टोकांना उलटसुलट टीप घाला, हात घालून घालून खिसा तिथेच उसवतो.

आता खांदे आणि मग काखेखालच्या बाजूच्या कडा जोडा, सुलट बाजूला सुलट, अर्धा इंच मार्जिन. इथे १६ नंबरची सुई लावा. चौकोनांची शिवण लागेल तिथे पायडल सोडा आणि चाक हाताने फिरवा. जोर लावला तर सुई मोडते. मार्जिनी उघडून इस्त्री करा, त्यावर दीड इंचाची पट्टी (पुढे गोटासाठी काढायची आहे त्यातलीच) दोन्ही कडा दुमडून ठेवा आणि तुरपाई करा. इंटरलॉक करून आणलं तरी चालेल, पण पट्टीने आतली बाजूही नीटनेटकी दिसते.

## १०. गोट

वीस इंचाच्या तुकड्यातून उरेब म्हणजे तिरप्या पट्ट्या काढा, दीड इंच रुंद. सरळ पट्टी मुंढ्याच्या वळणावर बसत नाही, ताठ उभी राहते. पट्ट्या एकमेकींना तिरप्या शिवणीने जोडा. साधारण साडेतीन मीटर गोट लागेल. आतल्या मार्जिनींच्या पट्ट्या धरून साडेचार.

लावण्याआधी पुढ्यांचे खालचे कोपरे वाटी ठेवून गोल करा. टोकदार कोपऱ्याला गोट वळवणं नवख्या हाताला अवघड जातं. गोट सुलट बाजूने तीन सूत मार्जिन ठेवून शिवा, आत वळवा, कड दुमडा आणि तुरपाई करा. मुंढ्यावर आणि पाठीच्या गळ्यावर गोट अगदी किंचित ताणून लावा, म्हणजे तो अंगाशी बसतो. खालच्या गोल कोपऱ्यांवर उलट थोडा सैल सोडा, नाहीतर कोपरे आत वळतात.

पुढे बंद करायला गोटाच्याच पट्टीचे दोन बंद करा आणि छातीखाली लावा. जुन्या बंडीला असायचे तसे.

## ११. धुताना

पहिली दोन धुणी वेगळ्या बादलीत, थंड पाण्यात, उलट करून. रात्रभर भिजत घालू नका. पिळू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवं वाळवा. तारेवर टांगलं तर ओल्या वजनाने खांदे उतरतात.

वापरलेल्या प्रत्येक कापडाचा एकेक तुकडा जाकिटाबरोबरच धुवा आणि मग पाकिटात भरून कपाटात ठेवा. दोन-तीन वर्षांनी कोपरा विरला की ठिगळ लावायला तेच कापड हवं, आणि तेही जाकिटाइतकंच फिकटलेलं. माझ्या दुसऱ्या जाकिटाचा डावा खिसा मागच्या श्रावणात विरला. पाकिटातल्या निळ्या चौकड्यांनी तो असा भरून निघाला की नवा तुकडा कुठला हे मलाच शोधावं लागतं.